कापडी टपाची गाडी आणि माझ्या दोन म्हशी

मागच्या साली संक्रांत झाल्यावर आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, टप उघडणारी मोठी गाडी घ्यायचं मनावर घेतलं. गाडी वापरलेली होती, यवतच्या एका माणसाकडची. लग्नसराईत नवरदेवाच्या मिरवणुकीला ती भाड्याने द्यायची, असा बेत होता. त्यासाठी माझ्या दोन्ही म्हशी विकायच्या होत्या. व्यापारी संध्याकाळी येणार होता आणि आम्ही दुपारी मोटरसायकलवर गाडी बघायला गेलो.

गाडीचा मालक गोड बोलणारा होता. घरच्यांनी चाकाला लाथ मारली, बॉनेट उघडून आत बराच वेळ बघितलं. बिघाड समोर येऊन बसला असता तरी त्यांना ओळखू आला नसता, पण मान मात्र जाणत्यासारखी हलवली. मी मागच्या सीटवर बसले. बसल्याबसल्याच भिजलेल्या बारदानाचा वास आला. पायाखालची चटई हळूच उचलली, तर खाली पत्रा गंजून तांबडा झालेला. टपाला जिथं घडी पडते तिथं कापड तडकलेलं, दारावरचं रबर वाळलेल्या शेंगेसारखं कडक.

हे सगळं दिसत होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. परक्या माणसापुढं मला स्वतःचं नावही धड सांगता येत नाही. खाली उतरून मी घरच्यांच्या पाठीत बोट टोचलं.

"बघा, मंडळी पन खूश हायती," ते मालकाला म्हणाले.

मग चक्कर मारायला वरवंडच्या बाजूला निघालो. घरचे चालवत होते, मालक त्यांच्या शेजारी. एका आडरस्त्याला कांद्याच्या रानात तुषार चालू होते. फिरता फवारा पार रस्त्यावर येत होता. मला म्हशी आठवल्या.

"आवं, जरा थांबा," मी म्हणाले. "कांदा बघायचाय."

आपल्या घरी काय कांदा नाही का, असं पुटपुटत त्यांनी गाडी थांबवली, ती नेमकी फवाऱ्याच्या टप्प्यात. काळजी करू नका वहिनी, टप एकदम पॅक आहे, असं मालक सांगत होता तोवर पाणी टपाच्या घडीतून सरळ त्याच्या मानेत उतरलं. मान आखडून तो बोलतच राहिला. पुढचा फवारा घरच्यांच्या टोपीवर आला. त्यांनी टोपी काढून झटकली आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी कांदा बघत होते.

मालकाने घाईघाईने कसलंसं बटण दाबलं. टप निम्मा उघडला आणि तिथंच अडकला. मग आम्ही तिघंही भिजलो.

"मिरवणूक काय पावसात असती व्हय?" मालक तोंड पुसत म्हणाला.

"पावसात नसती," घरचे म्हणाले. "पन अवकाळी आला तर नवरदेवाची हळद वरातीतच धुवून निघायची."

गाडी मालकाकडं सोडून आम्ही मोटरसायकलवर परतलो. घरी व्यापारी ओट्यावर बसला होता. त्याला चहा देऊन घरचे म्हणाले, "म्हशी द्यायच्या न्हाईत. गाडी तशी चांगली हाय, पन मंडळींनी लई बोलून मोडता घातला."

मी दिवसभरात कांद्याचं तेवढं बोलले होते. बादली घेतली आणि गोठ्यात धार काढायला गेले.