पीरमहंमद पिंजाऱ्यांची माती

हाफिजचा पाय एका जागी ठरत नव्हता. पहाटेच्या अजानला अब्बा गेले, तेव्हापासून माधवनगरच्या त्या दोन खोल्यांतून त्याचं नुसतं आत-बाहेर चाललं होतं. आत अब्बांना आंघोळ घालून कफन घातलं होतं. बाहेर जमातीची वडीलधारी मंडळी बसली होती आणि त्यांचं म्हणणं एकच होतं, पीरमहंमदांना इथल्याच कब्रस्तानात माती द्यायची. उन्हाळ्याचे दिवस, गाव लांब, मयतीला उशीर करू नये.

त्यांचं बरोबर होतं, हे हाफिजलाही कळत होतं. पण अंथरुणाला खिळल्यापासून अब्बांनी धोशाच लावला होता, 'मला तुझ्या आईशेजारी नेऊन ठेव.' आणि प्रत्येक वेळी हाफिजनं मान डोलावली होती.

आईची कबर होती ते गाव कवठे महांकाळच्या पलीकडं. तिथं अब्बांनी हयातभर कापूस पिंजून गाद्या भरल्या. आता त्र्याहत्तरच्या दुष्काळात तिथं प्यायलाही टँकरचं पाणी होतं. एसटीत मयत घेईनात. टेम्पोवाल्यानं सांगितलेलं भाडं हाफिजच्या यंत्रमागावरच्या पगारात बसणारं नव्हतं. बायकोनं, सुरय्यानं, कानातल्या बाळ्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. त्यानं त्या परत दिल्या. दारापर्यंत गेला, मागं फिरला आणि पुन्हा मागून घेतल्या.

नाक्यावर केरबा चहा पीत होता. तो पलूसकडून उसाचं वाडं, म्हणजे शेंड्यांचा हिरवा चारा, भरून छावणीतल्या जनावरांसाठी कवठे महांकाळच्या पुढं ट्रक नेत असे. हाफिजची आणि त्याची जुनी ओळख.

"केरबा, अब्बा गेलं रं. गावाकडं न्यायचंय."

केरबानं कप खाली ठेवला. "वाड्यावर ठेवलं तर चालंल का तुमच्यात?"

हाफिजला ते ठाऊक नव्हतं. तो पळत मौलवींकडं गेला. ते म्हणाले, "चालतंय, पण आता वेळ काढू नका." मशिदीपुढं जनाज्याची नमाज झाली आणि हिरव्या वाड्यावर चटई अंथरून अब्बांना ठेवलं. हाफिजनं बाळ्या पुढं केल्या तसा केरबा वैतागला. "गाडी तिकडंच निघाल्याली हाय. तुझ्यापायी वाकडी जाणार हाय व्हय? बस वर."

गावात पोचले तर भलतंच. भावकीतली माणसं पोटामागं पांगलेली, घरी दोन म्हातारे. केरबा मयतीपाशी थांबला आणि कब्रस्तानात हाफिजनं स्वतःच पहार धरली. वरचा मुरूम कसाबसा निघाला आणि खाली खडक लागला. पहार आपटली की नुसती खणखणायची. तो दोन घाव घालायचा, ट्रककडं धावायचा, चादरीवर पाणी शिंपडायचा, परत यायचा. ऊन चढत होतं. आपण हट्टापायी अब्बांचे हाल केले, थोरांचं ऐकायला हवं होतं, हेच डोक्यात घुमत होतं.

जवळच रस्त्याचं दुष्काळी काम चाललं होतं. तिथला मुकादम नाथाजी आवाज ऐकून आला.

"कोण गेलं रं?"

"पीरमहंमद पिंजारी. मी त्यांचा हाफिज."

"आरं तिच्या! माझ्या लग्नातली गादी त्यांनीच भरल्याली." नाथाजीनं तिथूनच हाळी दिली. खडी फोडणारे बापये पहारी, घण घेऊन आले. खडक कपच्याकपच्यांनी निघायला लागला. दुपार कलताना अब्बांना आईशेजारी ठेवलं आणि सगळ्यांनी मूठमूठ माती दिली.

हाफिजनं पुन्हा बाळ्या काढल्या. नाथाजी भडकला. "मातीचं पैसं घेतो काय आमी?"

मागं उभी असलेली, खडीवरचीच रंगुबाई मात्र स्पष्ट बोलली, "पैसं नगंत. पर आज खडीचं माप पडलं न्हाई. पगार मापावर मिळतो, तेवढा कमीच येणार."

नाथाजीनं तिच्याकडं डोळे वटारले. हाफिजला मात्र, सकाळपासून पहिल्यांदाच, काय करायचं ते कळलं. केरबाकडं घरी निरोप देऊन तो तिसऱ्या दिवसाच्या जियारतीपर्यंत गावातच राहिला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच खडीवर जाऊन बसला.

सुताला सरावलेले हात ते. खडी फोडायची सुतकी, तो जड हातोडा, निसटायची, दगड जागचा हलायचा नाही. "आसं न्हवं, आडवा धर," म्हणत रंगुबाईनं दगड फिरवून दिला. तळव्याला फोड आले, फुटले. तिसऱ्या दिवशी कबरीवर फातिहा पढून तो पुन्हा खडीवर आला, तेव्हा नाथाजीनं हात धरला.

"बास झालं गड्या. माप भरलं."

"भरलं? नक्की?"

"आरं भरलं म्हंतोय न्हवं!"

तरी हाफिजनं समोरचा दगड फोडूनच सुतकी खाली ठेवली.

संध्याकाळी केरबा रिकामा ट्रक घेऊन आला. गाव मागं पडलं तसा हाफिज पहिल्यांदा रडला. केरबानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि शेजारी बसून राहिला.