ब्रोकरांचं शीट आणि देवधर मॅडमचा फोन

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. बसमध्ये जागा धरायला टाकलेल्या रुमालासारखे ते आधी येऊन बसतात आणि आपण उभेच राहतो! आमच्या ऑफिसात तर घडताना एकही गोष्ट विनोदी नव्हती. निदान मला तरी नाही. मी दार वाजलं तरी दचकते.

आधी काम काय ते सांगते. जुन्या जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला, एका बियाणे कंपनीच्या ऑफिसच्या वर आमच्या दोन खोल्या. काम एका वाक्यात: फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर, सौदे करणाऱ्या लोकांसाठी ब्रोकरांची तुलना करणारी वेब पेजेस बनवायची. एका मोठ्या शीटमध्ये एक ओळ म्हणजे एक ब्रोकर. कमिशन किती, मार्जिन म्हणजे आधी ठेवायची रक्कम किती, पैसे परत किती दिवसांत, ॲप कसं, सगळं कॉलमांत भरायचं. मग गजूभाऊंचा प्रोग्राम चालवला की त्या ओळींची शेकडो पेजेस आपोआप तयार होतात. 'हा की तो?', 'नवशिक्यांसाठी कोण?' अशी.

मालक शोएबभाई. जुन्या जालन्यातल्या आडत दुकानदाराचा मुलगा, धान्याच्या धंद्यातून पळून कॉम्प्युटरमध्ये आलेला. प्रोग्रामवाले गजूभाऊ, म्हणजे गजाननराव. आकडे भरणारी नसरीन आपा. आणि तयार पेज वाचून तपासणारी मी, वैशाली.

एवढ्या सगळ्यांचा श्वास एका बाईच्या हातात होता. पुण्याच्या देवधर मॅडम. वेबसाइट त्यांच्या कंपनीची. दिवाळीपर्यंत त्यांनी काम चाचणीवर दिलं होतं. काम पसंत पडलं तर वर्षाचा करार, नाहीतर ऑफिस बंद. शोएबभाई परत ज्वारीच्या पोत्यांत, आणि मी परत गावी, पिंपळगाव रेणुकाईला. घरचे माझे वाईट नाहीत. पण एकदा परत गेले की पुन्हा निघणं होणार नाही, हे मला घरच्यांच्या आधी कळलं होतं.

मॅडम कॅमेरा कधीच चालू करत नसत. नुसता आवाज. आपण बोललो की तिकडून यायचं, "हं." त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझे महिने गेले.

*

पहिला झटका नसरीन आपाने दिला. शीटमधला कमिशनचा कॉलम लहानापासून मोठा असा लावायचा होता. तिने लावला. फक्त तोच! बाकीचे कॉलम जागेवरच राहिले. लग्नातून निघताना चपला बदलाव्यात तसं झालं. ह्याचं कमिशन त्याला, त्याचं तिसऱ्याला. आणि पेजेस लाइव्ह.

दुपारी फोन आला. एका ब्रोकरच्या ऑफिसातून.

"तुमच्या पेजवर आमचं कमिशन चुकीचं आहे. फारच कमी दाखवलंय."

"सॉरी सर, आत्ता, ह्या मिनिटाला दुरुस्त करते!"

"अहो थांबा! सकाळपासून नवीन गिऱ्हाइकांचे फोन थांबेना झालेत. संध्याकाळी करा ना!"

मी फोन ठेवला आणि तिथल्या तिथे दुरुस्त केलं. नसरीन आपा म्हणाली, "अगं, उसका थोडा भला हो रहा था, होने देती!"

तिला हसू येत होतं. मला मॅडमचा 'हं' ऐकू येत होता.

*

दुसरं प्रकरण शीटने स्वतःच्या डोक्याने केलं. पैसे परत मिळायला दोन ते पाच दिवस लागतात म्हणून नसरीन आपाने 'दोन-पाच' आकड्यांत टाकलं. शीटला वाटलं ही तारीख. पेजवर छापून आलं: 'पैसे काढण्यास लागणारा वेळ: २ मे.'

मी ते वाचलं होतं. तपासलं होतं. पण इतकी पेजेस वाचल्यावर डोळे नुसते पुढे सरकतात.

पकडलं एका वाचकाने. खाली कमेंट केली होती, फार नम्रपणे: "साहेब, मी जूनमध्ये अकाउंट उघडलं तर पैसे पुढच्या वर्षीच का?"

गजूभाऊंनी ती कमेंट मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "बराबर इचारून राह्यला की माणूस!"

*

ह्याहून अवघड दिवस तो, जेव्हा एकच ब्रोकर शीटमध्ये दोनदा गेला. एकदा नुसतं नाव, एकदा नावापुढे 'लिमिटेड'. प्रोग्राम बिचारा इमानदार. त्याने दोघांची झुंज लावली. पेज तयार झालं, तक्ता तयार झाला, आणि शेवटी निकालही: 'दोघांत पहिला सरस, मात्र नवशिक्यांनी दुसऱ्याचा विचार करावा.'

मॅडमचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे एका टेबलाभोवती होतो. स्पीकरवर.

"हे दोन्ही एकच आहेत."

शोएबभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी नसरीन आपाकडे, तिने पंख्याकडे.

"एकाच कंपनीला तुम्ही तिच्यापेक्षा सरस ठरवलंय. कसं?"

गजूभाऊंनी घसा साफ केला. "मॅडम, पहिल्याची माहिती आपण मार्चमध्ये भरल्ती, दुसऱ्याची जुलैमध्ये. मधी कंपनी बिघडली असंल."

मला वाटलं, संपलं. सामान आवरायला घ्यावं.

"हं," मॅडम म्हणाल्या. "पेज काढा."

फोन ठेवल्यावर शोएबभाई खुर्चीत बसले ते चहा येईपर्यंत उठले नाहीत. गजूभाऊ मात्र म्हणत राहिले, "पण निकाल तर लागला ना? बरोबरीत तर सुटला न्हाई!"

*

ग्राहक सेवेचा कॉलम भरायचा म्हणजे प्रत्येक ब्रोकरला फोन लावून बघायचं, हा शोएबभाईंचा नियम. इतर लोक एकमेकांच्या वेबसाइटवरून उचलतात. आमच्याकडे नसरीन आपा खरंच फोन लावायची. स्पीकरवर ठेवून एकीकडे दुसऱ्या ओळी भरायची.

एका ठिकाणी गाणंच वाजत राहिलं. आपाने भेंडीची अख्खी भाजी मला समजावून सांगितली, मसाल्यासकट, तरी गाणं चालूच. शेवटी वैतागून तिने त्या चौकोनात स्वतःच्या आठवणीसाठी लिहून ठेवलं: 'गाणं चांगलं आहे, माणूस नाही.'

प्रोग्रामला आठवण आणि मजकूर ह्यातला फरक काय कळणार? पेजवर ठळक अक्षरांत आलं. 'ग्राहक सेवा: गाणं चांगलं आहे, माणूस नाही.'

मॅडमचा फोन. "हे वाक्य कुणाचं?"

आपाने सरळ हात वर केला, जणू मॅडमना दिसतंय. "माझं, मॅडम."

"माणूस नाही, हे तपासलंय?"

"दो बार लगाया मॅडम. दोन्ही वेळा पूर्ण गाणं ऐकलं. पाठ झालंय. म्हणून दाखवू?"

"नको," मॅडम म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच 'हं' न म्हणता फोन ठेवला. तो राग होता की आणखी काही, ह्यावर आम्ही आठवडाभर वाद घातला.

*

त्यांचा फोन कधी येईल ह्याला धरबंध नव्हता. एकदा सगळ्यांसमोर त्या मला दोन ब्रोकरांतला फरक विचारत होत्या आणि खाली बियाणे कंपनीने कपाशीचं नवं वाण बाजारात आणायचा मुहूर्त केला. बँडसकट! काचा थरथरायला लागल्या. मी मार्जिन सांगतेय, खाली ढोल.

"कुणाचं लग्न आहे का?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम," शोएबभाई कपाळ पुसत म्हणाले, "बियाणं निघालंय."

"कुठे?"

गजूभाऊंनी उठून खिडकी लावली.

*

आणि एकदा तर गावाकडे. सुट्टीला पिंपळगावला गेले होते. रेणुकाईच्या देवळात ओटीचं ताट हातात, पुढे बायकांची रांग, आणि पर्समध्ये फोन थरथरला. मी इतकी दचकले की नारळ घरंगळत पुढच्या काकूंच्या पायाशी.

"वैशाली," मॅडमचा आवाज, "त्या दोन ब्रोकरांतला फरक सांगा. आत्ता. शीट न बघता."

मी सांगितला. देवीसमोर, ताट एका हातावर तोलत, कमिशन, मार्जिन, पैसे परत मिळायचे दिवस, ॲप बंद पडलं तर काय, सगळं. बोलता बोलता लक्षात आलं की मागची घंटा थांबलीय आणि सगळी रांग ऐकतेय.

फोन ठेवला. देवळातले गुरव काका पुढे झाले.

"पोरी, लई झकास सांगितलंस. मंग घ्यायचा कोणता?"

"काका, ते आम्हाला सांगता येत न्हाई. आम्ही फक्त फरक सांगतो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग देवीकडे.

"मंग इतका वेळ काय सांगून राह्यली व्हतीस?"

*

आता निकालाचा दिवस.

दिवाळी तोंडावर आली होती. मॅडमनी आदल्या दिवशी कळवलं: उद्या अकराला सगळी पेजेस एकदा बघणार, आणि तिथेच करार हो की नाही सांगणार. मला रात्रभर झोप नाही. सकाळी ऑफिसात आले तर शोएबभाई आधीच येऊन बसलेले, इस्त्रीचा शर्ट घालून. कॅमेरा बंद असतो हे माहीत असून!

दहा वाजता मॅडमचा मेसेज. शीट स्वच्छ हवं. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पेजच्या ठरलेल्या साच्यात, नाहीत ते सगळे कॉलम काढून टाका, आणि पेजेस पुन्हा बनवा. गजूभाऊंनी कॉलम काढले, प्रोग्राम चालवला. हुकूम म्हणजे हुकूम.

अकराला कॉल सुरू. मॅडमनी त्यांची स्क्रीन आम्हाला दाखवली. त्या पेज सरकवतायत, आम्ही चौघं श्वास रोखून बघतोय. 'कमी कमिशनचे ब्रोकर'. पहिला. दुसरा. तिसऱ्यावर त्यांच्या माउसचा बाण थांबला.

"हे कोण? अब्बा ट्रेडर्स?"

शोएबभाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. गजूभाऊंनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं. पेजवर 'कॉल करा' असं बटण असतं. ते चालतं का हे बघायला हमखास फोन उचलणारा नंबर लागतो. म्हणून गजूभाऊंनी शीटच्या तळाशी एक खोटी ओळ ठेवली होती. नंबर शोएबभाईंच्या वडिलांच्या आडत दुकानाचा, आकडे मनाचे. शेजारी एक कॉलम होता, 'दाखवू नये' असा. टेम्प्लेटमध्ये तो नव्हता. म्हणून सकाळी तो गेला, आणि ओळ पेजवर आली.

"मॅडम, ते..." शोएबभाई म्हणाले.

मॅडमनी बटण दाबलं होतं. रिंग जात होती. दुसऱ्याच रिंगला उचलला.

"हां, बोला!" अब्बांचा आवाज. मागे पोती टाकल्याचा धप्प आवाज.

"अब्बा ट्रेडर्स? तुमच्या कमिशनबद्दल विचारायचं होतं."

"बोला ताई. जे पाटीवर लिहिलंय तेच. तुम्हाला एक, दुसऱ्याला एक, असं आपल्याकडं बिलकुल न्हाई."

"छुपे चार्जेस?"

"हमाली हाय, तोलाई हाय. छुपे कशाला? हमाल समोरच बसलाय. फोन देऊ का त्याला?"

शोएबभाईंनी डोळे मिटले. नसरीन आपाचे ओठ हलत होते, बहुतेक दुआ मागत होती. मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं दुखायला लागली.

"पैसे किती दिवसांत मिळतात?" मॅडमचा आवाज नेहमीसारखाच. सपाट.

"दिवस? ओ ताई, चहा येईस्तोवर पैसे हातात. चहा आपल्याकडून."

"ॲप आहे?"

"न्हाई. मी हाय."

"आणि तक्रार असली तर?"

"तर दुकानात यायचं, माझ्यासमोर बसायचं, अन् मला बोलायचं. नमाजला गेलेलो असलो तर थोडं थांबायचं. मी कुठं पळून जातो? बापाच्या वेळेपासून इथंच हाय."

"धन्यवाद," मॅडम म्हणाल्या.

"जल्दी या. माल चांगला आणा."

फोन बंद झाला. स्क्रीनवर बाण तिसऱ्या नंबरवरच थांबलेला. खाली रस्त्यावर एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली आणि मी दचकले. माझ्याबरोबर शोएबभाईही दचकले.

"गजाननराव," मॅडम म्हणाल्या, "ह्यांचं ॲप नाही, तो रकाना तुम्ही रिकामा सोडलाय. भरा."

"हो मॅडम," गजूभाऊ म्हणाले.

"करार संध्याकाळपर्यंत पाठवते. आणि वैशाली, असे आणखी चार ब्रोकर मिळतात का बघा."