वंदनाला आलेलं स्थळ

माझ्या कथेतल्या मुलीला पाहायला मलकापूरहून चार माणसं आली, त्याला मी जबाबदार आहे.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सोमवारपर्यंत कथा द्यायची होती. आमच्या घरातून आजवर फक्त लग्नपत्रिका छापून आल्या आहेत, म्हणून मी जीव तोडून बसले. नायिका झकास जमली. वंदना, साखरखेर्ड्याची, बी.एस्सी., शिवणकाम येणारी (मला सुईत दोरा ओवता येत नाही). पण चौथ्या पानावर ती खिडकीत उभी राहिली आणि तीन दिवस हललीच नाही.

सर म्हणाले होते, अडलं की कुणाला तरी गोष्ट सांगावी. शुक्रवारी कापूस वेचताना मायला सांगितली.

"मंग पुढं काय झालं तिचं?"

"तेच तं सुचून नाही राह्यलं."

"काऊन? पोरगी तं चांगली हाये. बाप काय करते तिचा?"

"नऊ एकर बागायत," मी जागच्या जागी दिली.

पलीकडच्या ओळीत शेजारच्या शांताकाकू होत्या. त्यांना गोष्ट मधूनच ऐकू आली, आणि त्यांचा भाचा तीन वर्षांपासून मुली पाहत होता.

रविवारी जीप दारात उभी. "पोरीचा पत्ता तुमच्याजवळ हाये म्हणे," मुलाचे मामा म्हणाले. "संगंच चाला साखरखेर्ड्याले."

माय मला चुलीपाशी ओढत म्हणाली, "तूच केली ना तिले? तूच निस्तर."

मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले. "वंदना मी लिहिली आहे."

"बायोडाटा तू लिहिला का? मस्त. फोटो दाखव."

मग सगळं सांगावं लागलं. "म्हणजे नाहीच का ती?" मुलानं इतक्या हळू विचारलं, की आपल्या हातून कुणाचा जीवच गेला असं मला वाटलं.

मामा व्यवहारी. "डिझेल जाळलंच हाये, तं हिलेच पाहून घेऊ. शिवणकाम?"

"नाही येत."

"पोहे तिनंच केले," माय घाईनं म्हणाली. मामांनी बशी खाली ठेवली.

जीप गेल्यावर मी वही उघडली. वंदना खिडकीतून हलली, पाहुण्यांसमोर बसली, मुलाला नाही म्हणाली, आणि कथा एका बैठकीत संपली. सोमवारी दिलीसुद्धा.

मंगळवारी शांताकाकू निरोप घेऊन आल्या. "वाईट नोको वाटून घेऊ, बाई. तू नाही पसंत पडली. पण पोरगा इचारते, वंदनाचं पुढं काय झालं?"

माझा पहिला वाचक होता तो; वंदनानं नाही म्हटलं, हे त्याला कळवायचा धीर होईना. मी म्हटलं, "अजून सुचून नाही राह्यलं म्हणा."