सुखारी नावाचा माणूस

ते प्रकरण अजून मनातून जात नाही, आणि गंमत म्हणजे ते माझ्या नोकरीतलं नाहीच. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर लेकीकडे कुवेतला गेलो होतो, तेव्हाचं आहे. अंगावर वर्दी नाही, समोर स्टेशन डायरी नाही, मागे एक हवालदारसुद्धा नाही. तरी मी त्याला प्रकरणच म्हणतो, कारण रीतसर खबर आली, चौकशी केली, जबाब झाला. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही.

लेक-जावई अहमदीला राहतात. तेल कंपनीची जुनी बैठी घरं आहेत, दारात झाडंही आहेत. शेजारी नाशिकचा एक इंजिनिअर, जावयाचा मित्र. त्याची बायको रशियन. हा तिकडे कामावर असताना ती दुभाषी होती, तिथे दोघांचं जमलं. मुलगी पहिलीत. बाई मराठी छान बोलायची. याला मात्र रशियन ‘नमस्कार’ आणि ‘आभार’ यापलीकडे काही येत नव्हतं. आमची ही रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसायची आणि घरी आली की माझ्याशी बोलायला हिच्याकडे काही उरायचं नाही. मला ते खुपायचं, उगाच खोटं कशाला बोलू?

मे संपत आला होता. एका शुक्रवारी सकाळी तो इंजिनिअर आला. संशयी नवरा मला लांबून ओळखू येतो. ठाण्यात असे किती आले असतील. सगळे आधी ‘विशेष काही नाही’ म्हणतात आणि मग दार लोटून घेतात.

“काका, विशेष काही नाही,” असं म्हणत त्यानं दार लोटलं. “पण हिचं काहीतरी चाललंय.”

“काहीतरी म्हणजे?”

“फोनवर कुजबुजते. तेसुद्धा स्वयंपाकघरात नळ सोडून, म्हणजे मला ऐकू येऊ नये. दर पंधरा दिवसांनी टॅक्सी करून कुवेत शहरात बनेद अल-गारला जाते. समुद्रावर जाते म्हणून सांगते. आणि चपलांच्या कपाटामागे एक पिशवी भरून ठेवलीय, काका. पळून जायच्या तयारीत आहे.”

“माणूस कोण आहे?”

त्यानं मान खाली घातली. “सुखारी. फोनवर सारखं तेच चालतं. सुखारी, सुखारी. बुखारी आडनाव असतं ना, तसलंच काहीतरी. पिशवीत त्याचे मोजेसुद्धा आहेत. लोकरीचे. माझ्या पायाला ढगळ होतील एवढे मोठे.”

मग तो मुद्द्यावर आला. येत्या गुरुवारचं तिकीट काढलं होतं, त्याचं आणि मुलीचं. मुलीला नाशिकला आईकडे ठेवायचं आणि मग बायकोचं काय ते बघायचं. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. “तुम्ही फक्त एकदा खात्री करून द्या,” तो म्हणाला.

मत्सरानं पेटलेला माणूस ‘तपास करा’ असं कधी म्हणत नाही, ‘खात्री करून द्या’ म्हणतो. निकाल त्यानं आधीच लिहिलेला असतो. पहिलीतल्या पोरीला आईपासून तोडायची सगळी तयारी झाली होती, फक्त खाली सही करायला त्याला एक पोलीसवाला हवा होता.

मी पहिल्यांदा मुद्देमाल विचारला. पिशवीत काय काय आहे? मोजे, जाड आतले कपडे, टॉवेल, साबण, कसलेतरी वाळलेले पावाचे तुकडे. मुलीचे कपडे? नाहीत. दागिने, पासपोर्ट? कपाटात, जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी जावयाला गाडी काढायला लावून बनेद अल-गार गाठलं. तिथे रत्नागिरीकडच्या एका मुसलमान गृहस्थाचं किराणा दुकान आहे, तिकडे अशा दुकानाला बकाला म्हणतात. त्या गल्लीत कोण येतं, कोण जातं, हे त्याला तोंडपाठ. आपला माणूस भेटला म्हणून त्यानं आधी चहा पाजला.

“सुखारी?” तो हसायला लागला. “सायेब, बुखारी दोन हायत. एक म्हातारा, त्येला दिसत नाय. दुसरा लाँड्रीवाला, त्येला दोन बायका हायत, त्यो तिसरीच्या भानगडीत कशाला पडंल? सुखारी कोण नाय इथं.”

“एक गोरी बाई येते, मराठी बोलते...”

“ती होय? माझ्याशी मराठीतच बोलते ती. बाजूच्या बेकरीतून काळा पाव घेते नि लगेच परत जाते. कोणाला भेटत नाय.”

परत येताना गाडीत तो साबण माझ्या डोक्यात बसला. पळून जाणारी बाई मूल नेते, नाहीतर दागिने नेते. साबण कोणी नेत नाही, तो कुठेही मिळतो. साबण-टॉवेल घेऊन निघतो तो कोण, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्याकडे मुरलेला गुन्हेगार ठाण्यात हजर व्हायला येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत हेच असतं, कारण कोठडीत काय मिळत नाही ते त्याला माहीत असतं. म्हणजे ही बाई प्रियकराकडे जायच्या नव्हे, तुरुंगात जायच्या तयारीत होती. पण कशासाठी?

तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे रविवारी तो कामावर आणि मुलगी शाळेत गेल्यावर मी तिच्याकडे गेलो. आमच्या हिला सोबत घेतलं. बाईमाणसाची चौकशी एकट्यानं करायची नाही, हा शिरस्ता मी निवृत्तीनंतरही मोडला नाही. पिशवीचा विषय काढताच तिनं उठून नळ सोडला. त्या दिवसांत तिकडे नळाला आधणच येतं. स्वयंपाकघरात वाफ झाली.

“काका, तुम्ही पोलीस म्हणून आलात की शेजारी म्हणून?”

“शेजारी म्हणून.”

“आमच्याकडे दोन्ही एकच होते,” ती म्हणाली. मग पिशवी आणून तिनं टेबलावर रिकामी केली. मी ते पावाचे तुकडे हातात घेतले आणि हे काय म्हणून विचारलं.

“सुखारी,” ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून बसलो. तिनं सांगितलं ते जबाबासारखं माझ्या शब्दांत लिहितो. तिचे पणजोबा रेल्वेत इंजिनिअर. कम्युनिस्टांची हुकूमशाही होती. एका बिऱ्हाडात अनेक कुटुंबं कोंबलेली, स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच. यांच्या खोलीला मोठी खिडकी होती. ती शेजाऱ्याच्या डोळ्यांत सलायची. त्यानं खबर दिली, हा माणूस सरकारविरुद्ध बोलतो. पणजोबांना कुणकुण लागली आणि त्यांनी पिशवी भरली. थंडीत दोनावर तिसरा जोड चढवता यावा म्हणून मोठे मोजे, साबण आणि वाळवलेला पाव. चौकशीला आलेल्यांनी पणजीला विचारलं, नवऱ्यानं पिशवी भरली होती का? तिला माहीत होतं, ती हो म्हणाली. निर्दोष माणूस पिशवी कशाला भरेल, असं म्हणून त्यांनी तोच पुरावा धरला. पणजोबा परत आले नाहीत. खोली शेजाऱ्याला मिळाली.

पिशवी म्हणजे गुन्हा, हा हिशेब मीही गाडीत बसून नुकताच केला होता.

तेव्हापासून त्या घरातली प्रत्येक बाई पिशवी भरून ठेवते. हिच्या आजीनं ठेवली, आई अजून ठेवते. फोनवर लेकीला विचारते, सुखारी बदलल्यास का? पाव खवट होतो, म्हणून ही बनेद अल-गारला जाते.

“अगं, पण ते राज्य कधीच गेलं,” मी म्हणालो.

“हो. हे माझ्या आईला सांगा.”

खबर कोणी दिली हे तिनं विचारलं नाही. पिशवी भरली आणि जागेवर ठेवून आली.

संध्याकाळी त्याला बोलावून सगळं सांगितलं. सुखारी म्हणजे वाळलेला पाव, हे कळल्यावर तो आधी ओशाळला. मला वाटलं, सुटलो. पण बघता बघता त्याचा चेहरा पुन्हा तसाच झाला, शुक्रवारी होता तसा.

“एवढ्या वर्षांत मला कधी बोलली नाही,” तो म्हणाला. “आणि तुम्हाला एका बैठकीत सगळं सांगितलं? तुमच्यात असं काय आहे, काका?”

म्हणजे आता आरोपी मी. संशयाचं असंच असतं, एक माणूस सुटला की तो दुसरा शोधतो. ठाण्यात हे नेहमी पाहिलेलं, पण माझ्यावर पाळी पहिल्यांदाच आली होती.

“हेच मी तिला विचारलं,” मी म्हणालो. “त्यांच्या घरचा नियम आहे. आपल्या माणसाला पिशवीचं सांगायचं नाही. त्याला माहीतच नसलं तर त्याच्याकडून कोणी काही काढून घेणार नाही, आणि त्यालाही कोणी धरणार नाही. मग आम्हाला कसं सांगितलंस, म्हटलं. तर म्हणाली, तुम्हाला पकडलं तर मला चालेल, काका.”

त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यासमोर तिकीट रद्द केलं. पिशवीचं आपल्याला कळलंय हे तिला कधी कळू देऊ नका, एवढं म्हणून घरी गेला.

नोकरीभर मी लपवलेल्या गोष्टी उकरून काढल्या. जो लपवतो तो चोर, याच समजुतीवर पोलिसाची भाकरी चालते. जिवाच्या माणसाला जपायचं म्हणूनही कोणी लपवतं, हे मला कुठल्या प्रशिक्षण केंद्रात कोणी शिकवलं नव्हतं.

रात्री जेवताना आमच्या हिला विचारलं, “काय गं, तू माझ्यापासून कधी काही लपवून ठेवलंस का?”

“नाही हो,” ती म्हणाली, “मी तुम्हाला सगळं सांगते.”

खरं सांगतो, त्या पोराचा मला हेवा वाटला.