कर्णिकसाहेबांच्या साठीची मोटार

मी लॉरीखाली उताणा पडलो होतो आणि कर्णिकबाई वाकून मला एक कागद दाखवत होत्या.

"दामू मिस्त्री, जरा बाहेर या. मला तुमचा सल्ला हवाय."

हात पुसत बाहेर आलो. लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती, मुंबईच्या दुकानांत विलायती माल परत येऊ लागला होता. कागदावर तीन खोक्यांची चित्रं होती. आत मोटारीचे सुटे भाग, ते जोडून लहानशी मोटार घरी तयार करायची.

"यांची साठी आहे," बाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, बोटं चालवायला हवीत. शनिवारी मुंबईला माणूस जातोय. यातली कुठली आणायला सांगू?"

मी कागद हातात घेतला, पण मला लगेच काही दिसेना.

कर्णिकसाहेब रस्त्यांच्या खात्यातले रिटायर्ड ओव्हरसियर. कर्जतजवळ दहिवलीत राहायचे. गाडी स्वतः चालवायचे आणि आमच्या खोपोलीच्या गॅरेजात सर्व्हिसिंगला आणायचे. सहा महिन्यांपूर्वी घाट उतरताना एका वळणावर गाडी कठड्यावर आदळली. साहेबांचं उजवं मनगट मोडलं, दोन बोटं ताठ झाली. शेजारी बसलेला मेव्हणा, म्हणजे याच बाईंचा सख्खा भाऊ, पायानं अधू झाला. साहेब म्हणत होते, ब्रेक लागला नाही. कोणाला पटलं नाही. जेवण करून निघाले होते, डोळा लागला असणार, असंच सगळे म्हणाले. मेव्हण्यानं येणं-जाणं तोडलं. पुढं पुढं साहेबही गप्प झाले.

अपघाताच्या आदल्या दिवशी त्या गाडीचे ब्रेक मी केले होते.

तेव्हाच्या पुष्कळ गाड्यांना सळईचे ब्रेक असत. पेडल दाबलं की गाडीखालची लांब सळई ओढली जाते आणि चाकं धरली जातात. सळई आणि पेडल एका पिनेनं जोडलेले. ती पीन हादऱ्यानं निसटू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात दुमडलेली तार घालून तारेची टोकं फाकवायची. तिला स्प्लिट पिन म्हणतात. बोटाच्या पेराएवढी वस्तू. मी ती घालायच्या बेतात होतो तेवढ्यात गॅरेजच्या मालकांनी, शेठनी, दुसऱ्या गाडीसाठी हाक मारली. परत आलो आणि पुढचं काम धरलं. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी शर्ट धुवायला काढला, तर खिशात एक स्प्लिट पिन. गॅरेजात अशा पिना ढिगानं पडलेल्या असत. ही तीच, असं शपथेवर सांगता आलं नसतं. पण मला कळायचं ते कळलं.

मी शेठना सांगितलं होतं. ते म्हणाले, "गप ऱ्हा." आठवड्याच्या आत मोडकी गाडी भंगारात गेली.

"मिस्त्री?" बाई म्हणाल्या.

मी चित्रं पाहिली. पहिल्या खोक्यात नुसता लाकडी ठोकळा, घासायचा आणि रंगवायचा. दुसऱ्यात चावीची रेसची गाडी. तिसऱ्यात एकास बारा स्केलची टूरिंग मोटार. म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट तिथं एक इंच. तिला खाली पूर्ण चेसिस होती. स्प्रिंगा, स्टिअरिंग, ब्रेकच्या सळया, सगळं.

शेठ गल्ल्यावरून उठून आले. "दामू, तो ठोकळा सांग रं. साहेबांचा हात दुखरा हाय. बारीक काम कशाला?"

ते माझ्याकडे बघत होते. मीही त्यांच्याकडे बघितलं. ठोकळा सांगितला असता तर कोणी मला दोष दिला नसता. पण साहेब इंजिनियरिंगचा माणूस. ठोकळा त्यांनी दोन दिवसांत कोपऱ्यात टाकला असता आणि बोटं तशीच राहिली असती.

"तिसरी न्या," मी म्हणालो. "त्यांना तीच आवडंल."

बाई गेल्यावर शेठ म्हणाले, "तुला अक्कल हाय का?"

मी परत लॉरीखाली गेलो.

दोन महिने गेले. रोज वाटायचं, आज निरोप येईल. मग आला. साहेबांनी दुपारी बोलावलंय. खोपोलीहून गाडीनं कर्जतला उतरलो आणि नदी ओलांडून दहिवलीला चालत गेलो. वाटेत दोनदा थांबलो.

साहेब टेबलाशी बसले होते. मोटार पूर्ण झाली होती आणि चाकं वर करून उलटी ठेवली होती. सुबक काम. बाई चहा घेऊन आल्या आणि दारात थांबल्या.

"बघा मिस्त्री," साहेब म्हणाले. "पुस्तिकेत लिहिलंय, या पिनेत बारीक तार घालून टोकं वाकवा. मी मुद्दाम घातली नाही. गाडी रोज टेबलावरून फिरवली. काल पीन निसटली."

त्यांनी मोटार उचलून सुलटी धरली आणि ताठ बोटानं इवलंसं पेडल दाबलं. ते सरळ खाली गेलं. सळई लोंबत राहिली.

"माझा पाय असाच खाली गेला होता. माझ्या गाडीत ती तार होती का?"

"नव्हती, साहेब," मी म्हणालो. "माझ्या खिशात ऱ्हायली." आणि सगळं सांगितलं.

साहेबांनी मोटार टेबलावर ठेवली. मग बाईंकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? मी झोपलो नव्हतो."

बाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या. त्यांच्या हातातला कप कलंडून चहा जमिनीवर गेला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"हे लिहून द्याल?" साहेबांनी विचारलं. "कोर्टासाठी नको. मेव्हण्यासाठी."

मी लिहून दिलं. माझं अक्षर वाईट. सही केली आणि म्हणालो, "साहेब, चुकी झाली."

"झाली," ते म्हणाले. "माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. मनगट अजून दुखतं. पण तुम्ही आलात, हे लक्षात ठेवीन."

दुसऱ्या दिवशी शेठना सांगितलं. त्यांनी मला त्याच दिवशी काढलं. पुढं नेरळला एका लॉरीवाल्याकडे लागलो आणि तिथंच आयुष्य गेलं. वर्षभरानं कर्णिकबाई नेरळच्या बाजारात भेटल्या. भाऊ घरी आला म्हणाल्या. काठी टेकत आला, अपघाताचं एक अक्षर काढलं नाही, जेवून गेला. आता सणावाराला येतो.

मी त्यानंतर हजारो ब्रेक केले असतील. ब्रेकचं काम हातात असताना कोणी हाक मारली तर मी ओ देत नाही. मालक असो, गिऱ्हाईक असो. माणसं उद्धट म्हणतात. म्हणू देत.