बिनगरीच्या काठ्या

माझ्या माहेरच्या गावात, पेडण्याच्या बाजूला, नदीकाठी सिमेंटचा एक चौथरा आहे. त्याच्यावर निळी पाटी आहे आणि पाटीवर लिहिलंय, ‘दिव्यांग मत्स्यानंद केंद्र’. दिव्यांग म्हणजे मी. मत्स्य नदीत. आनंद कुणाला झाला ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आता तिथे संध्याकाळी गावातले रिकामटेकडे मोबाइल बघत बसतात आणि दुपारी एक गाय येऊन रवंथ करते. चाकांच्या खुर्च्यांसाठी केलेला उतार गाईला फार सोयीचा पडतो.

कुणाला वाटेल, बाई कृतघ्न दिसते. वाटू दे. कृतज्ञता दाखवून दाखवून माझे गाल दुखायला लागले आहेत.

आमचे बाबा गरवायला जायचे, म्हणजे गळ टाकून मासे धरायला. जागा ठरलेली, मानशीपाशी. शेतात खारं पाणी घुसू नये म्हणून नदीला बांध घातलेला असतो आणि त्या बांधाला पाणी आत-बाहेर सोडायला लाकडी दार असतं, त्याला मानस म्हणतात. ओहोटीला पाणी तिथून धो धो बाहेर पडतं आणि बाहेर मोठे मासे तोंड उघडून उभे असतात. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून बाबांच्या शेजारी बसून गरवायची. आई म्हणायची, मुलगी वाया गेली. बाबा म्हणायचे, मासे तर मिळतात ना.

बांधावर दोन कायदे होते. ते कुणी लिहिले नव्हते आणि मोडायची कुणाची छाती नव्हती. पहिला, ज्याच्या गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, मासा लागला त्यानेच तो वर काढायचा. दुसऱ्याने त्याच्या काठीला किंवा तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, हात लावायचा नाही. लावला तर मासा हात लावणाऱ्याचा. दुसरा कायदा सुटलेल्या माशाचा. मासा ज्याच्या हातून सुटला, तो हात पसरून दाखवील तेवढा मोठा तो होता, असं बाकीच्यांनी मानायचं. हसायचं नाही. मासा तर गेलाच, निदान आकार तरी त्याचा राहू दे.

एकदा माझ्या गरीला चणक लागला, खाडीतला दांडगा मासा. मी जेमतेम शाळेत जायला लागलेली, आणि तो मला फरफटत पाण्याकडे न्यायला लागला. मी रडले. बाबा शेजारी उभे राहून विडी ओढत होते. हात लावला नाही. माझे गुडघे फुटले, तळहात कापला, आणि चणक बांधावर आला. घरी आईने बाबांचा जो उद्धार केला तो शेजारच्या वाड्यावर ऐकू गेला. मी मात्र तो मासा दोन्ही हातांत धरून अंगणात फिरत होते. त्या दिवशी मला जेवढं मोठं वाटलं तेवढं नंतर लग्नातसुद्धा वाटलं नाही.

लग्न होऊन मी डिचोलीला आले, शाळेत शिक्षिका झाले. मग एका सकाळी खनिजाच्या ट्रकने माझ्या स्कूटरला धडक दिली आणि कमरेखालचं सगळं बळ तिथेच राहिलं, मी चाकांच्या खुर्चीत आले. त्याचं मी वर्णन करणार नाही. लोकांना ते ऐकायला फार आवडतं, म्हणूनच करणार नाही.

तेव्हापासून माझा थोरला भाऊ दर रविवारी माहेरहून येतो, मासे घेऊन. खवले काढलेले, कापलेले, मीठ-हळद लावलेले, स्टीलच्या डब्यात. जमलं असतं तर त्याने काटेही काढून आणले असते. दादाची माया खोटी नाही, हे मला कळतं. पण त्या डब्याचं झाकण उघडताना माझ्या डोक्यात तिडीक जायची. मला मासे खायचे नव्हते, धरायचे होते. पाण्याखालून काहीतरी ओढतंय आणि त्याला आपण, आपल्याच हाताने, ओढतोय, हे मला परत एकदा हवं होतं. बाकी मी काही मागत नव्हते.

‘दादा, माका एकदा मानशीर व्हर,’ मी त्याला तिथे न्यायला सांगायची.

‘आनी पडलंस तर?’ तो म्हणायचा. ‘मासो मी हाडतंय मगे. तुका आनी काय जाय?’ मासे आणून देतोय, आणखी काय हवं, हा त्याचा हिशेब.

अशात डिचोलीतल्या एका समितीला सुचलं की दिव्यांगांना मासेमारीचा आनंद मिळवून द्यावा. समितीचे अध्यक्ष निवृत्त साहेब, पांढरा कुर्ता, कलप लावलेली मिशी, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तर ते डोक्यावरच ठेवायचे. आधी मयेचं तळं ठरलं होतं, पण तिथे म्हणे पर्यटकांच्या होड्यांना अडचण होईल. मग माझं गाव पुढे आलं, पंचायतीने जागा दिली, आणि मला मार्गदर्शनासाठी बोलावलं.

मी मूर्ख, गेले. मी सांगितलं की चौथरा मानशीच्या तोंडाशी बांधा, कारण ओहोटीला पाणी तिथेच राहतं, बाकी सगळा चिखल. कठडा गुडघ्याएवढाच ठेवा, म्हणजे खुर्चीत बसून काठी फिरवता येईल. चाकं अडवायला खाली सिमेंटची एक पट्टी घाला, बस झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चहा आला आणि मला शाल घातली. तेव्हाच मी समजायला हवं होतं. आपल्याकडे एखाद्याचं ऐकायचं नसलं की त्याला शाल घालतात.

चौथरा झाला तो रस्त्याला लागून, पाहुण्यांच्या गाड्या थेट जाव्यात म्हणून. ओहोटीला त्याच्यापुढे चिखल आणि त्यात खेकडे. आणि कठडा माझ्या कपाळापर्यंत, उभ्या गजांचा, सुरक्षिततेसाठी. मी अध्यक्षांना विचारलं, ‘ह्याच्यावरून गळ टाकायचा कसा?’ त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘ताई, आधी जीव महत्त्वाचा.’

उद्घाटन ठेवलं सोमवारी. सोमवारी आमच्याकडे हिंदूंच्या घरात मासळी शिजत नाही. रविवारी रात्री हात चाटून पुसून जेवायचं आणि सोमवारी असं वागायचं की जन्मात कधी कालवण पाहिलं नाही. माझी त्यालाही हरकत नाही, मीही पाळते. पण मासेमारी केंद्राचं उद्घाटन सोमवारी ठेवणाऱ्यांना काय म्हणावं? प्रमुख पाहुण्यांना तोच दिवस मोकळा होता. पाहुणे कडक सोमवारवाले, मग मंचासमोर मासा तडफडलेला कसा चालेल? समितीने बसून विचार केला. उद्घाटन पुढे ढकलायचं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांनी काठ्यांना गरीच लावल्या नाहीत.

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही म्हणजे मी आणि मयेचे एक अंध गृहस्थ, पूर्वीचे शिंपी. आम्हाला कठड्यापाशी नेऊन बसवलं, हातात नव्या कोऱ्या काठ्या दिल्या, काठीला रिबीन. शिंपीबाबांनी तंगूस बोटांमधून ओढत शेवटापर्यंत चाचपला. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, ‘बाई, हाका गरीच ना.’

मी माझा चाचपला. नव्हतीच. मागे उभ्या असलेल्या स्वयंसेविकेला विचारलं, तर ती लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, ‘आज सोमवार ना हो, फक्त फोटोपुरतं धरायचंय.’

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे त्यांच्या हिशेबी आम्ही इथे मासे धरायला आलोच नव्हतो. आमच्या हातात काठी दिली की आमचं पोट भरणार. आंधळ्याला काय दिसतंय आणि पांगळीला काय कळतंय.

पण मी खरंच मासे धरायला आले होते. माझ्या पिशवीत बामच्या डबीत गरी होत्या आणि केळीच्या पानात सुंगटं, म्हणजे कोळंबी. मी एक गरी माझ्या तंगुसाला बांधली, एक शिंपीबाबांच्या. तोवर दादा मागून आला.

‘बाय, आज सोमार,’ तो कानाशी म्हणाला.

‘माशांक खबर ना,’ मी म्हटलं.

मंचावर पाहुणे आमच्या जिद्दीवर बोलत होते. आमच्याकडे त्यांची पाठ होती. मी काठी दोन गजांमधून बाहेर काढली आणि मनगटाच्या झटक्याने जमेल तेवढा गळ टाकला. नशिबाने भरती होती. भरतीची चौकशी कुणी केली असेल असं समजू नका, ती आपली आपण आली होती.

पाहुणे ‘इच्छा तेथे मार्ग’ इथवर आले असतील नसतील, तोच काठी वाकली. असा हिसका की कोपर गजावर आपटलं. मी तंगूस ढिला सोडला, परत ओढला. हात सगळं विसरले नव्हते. मासा डावीकडे पळाला, मी काठी डावीकडे न्यायला गेले तर गज. उजवीकडे गेले तर गज. तरी तो दमत चालला होता, मला ते दंडात कळत होतं. मी हसत होते बहुतेक. शिंपीबाबा म्हणत होते, ‘सवकास, बाई, सवकास.’

आणि अध्यक्ष धावले. ‘ताई, सोडा, मी घेतो,’ म्हणत त्यांनी कठड्यावरून ओणवं होऊन तंगूस दोन्ही हातांनी धरला आणि विहिरीतून कळशी ओढावी तसा मासा वर ओढला. चणक होता. टाळ्यांचा कडकडाट. फोटोवाला पळत आला. त्यांनी मासा माझ्या मांडीवर ठेवला आणि स्वतः मागे उभे राहिले, हात माझ्या डोक्यावर.

मी मासा उचलून त्यांच्यापुढे धरला. ‘तुमचो हात लागलो,’ मी म्हटलं. ‘मासो तुमचो.’

‘छे छे, ताई, तुम्हीच धरलात.’

‘मी धरत होते. धरला तुम्ही.’

ते मागे सरकले. सोमवार, पांढरा कुर्ता, पाहुणे बघतायत. मी मासा पुढे करते आहे आणि ते हात मागे लपवतायत. लोकांना वाटलं, बाई भावुक झाली. शेवटी पाहुण्यांच्या ड्रायव्हरने तो पिशवीत घालून डिकीत टाकला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला, ‘दिव्यांग भगिनीची कमाल’. शाळेतल्या बायकांनी माझं अभिनंदन केलं. एकीने तर डोळे पुसले. माझ्या तोंडात जे आलं होतं ते शाळेत बोलता येण्यासारखं नव्हतं.

दादा त्या दिवशी गर्दीच्या कडेला उभा होता. बांधाचे कायदे त्यालाही बाबांनीच शिकवले होते. त्याने अध्यक्षांचे ते हात पाहिले.

पुढच्या रविवारी तो आला, पण त्याच्या हातात डबा नव्हता.

‘मासे?’ मी विचारलं.

‘चल,’ तो म्हणाला.

त्याने मला मानशीवर नेलं. बांधावर त्याने जुन्या फळ्या टाकल्या होत्या, माझी चाकं जातील एवढ्या. मानशीच्या तोंडाशी खुर्ची उभी केली, ब्रेक लावला आणि सुंभाची एक दोरी घेऊन खुर्ची लाकडी खांबाला बांधली. एवढ्यावर काम झालं. ना कठडा, ना पाटी, ना शाल. मग तो जरा लांब, मानशीच्या पलीकडच्या अंगाला, जाऊन उभा राहिला, दोन्ही हात काखेत घालून. त्याचा चेहरा घाबरून पांढरा पडला होता.

ओहोटी लागली होती. पाणी फेसाळत बाहेर पडत होतं. बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम खुर्ची दोरीसकट करकरली. हा चणक त्या दिवशीच्या माशाचा बाप होता. मी त्याला सोडला, ओढला, सोडला, ओढला. माझा तळहात कापला आणि मला त्याचं बरं वाटलं. मासा दोनदा पाण्यावर आला, त्याची पांढरी कूस दिसली. मग तो वळला आणि मानशीच्या पलीकडच्या खांबाआड शिरला. त्या खांबावर कालवांचे शिंपले चिकटलेले असतात, धारदार. तंगूस त्यांच्यावर घासायला लागला. कुणीतरी नुसता हात लांब करून तो बाजूला ओढला असता तर मासा आमचा होता. मी काठी कितीही वाकवली तरी खुर्चीतून तेवढं पोचत नव्हतं.

दादा खांबापासून दोन हातांवर होता. त्याला सगळं दिसत होतं. त्याने काखेतले हात काढले नाहीत.

तंगूस तुटला. काठी हलकी झाली.

‘गेला,’ मी म्हटलं.

‘गेलो,’ तो म्हणाला. ‘तुझो गेलो.’

माहेरच्या घरी वहिनीने भात उतरवून वाटण तयार ठेवलं होतं. रविवार, दुपार झालेली, आणि आम्ही दोघं रिकाम्या हातांनी दारात. ‘मासे खंय?’ तिने दादाला विचारलं.

‘बायचो सुटलो,’ दादाने सांगितलं.

‘कितलो होतो?’

मी दोन्ही हात पसरले, जेवढे पसरतात तेवढे. एवढा मोठा चणक आमच्या नदीत बाबांच्या जन्मातही कुणी पाहिला नव्हता. वहिनीने माझ्या हातांकडे पाहिलं, मग दादाकडे पाहिलं.

‘हय,’ दादा म्हणाला. ‘तितलोच होतो.’