कानामागचा रंग

माझ्यासारख्याने असं काही लिहायला बसावं का, हे मला अजून नीट कळलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि आजवर परीक्षेच्या पेपरांशिवाय मी काही लिहिलेलं नाही. कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. लिहितोय ते एका कुत्रीच्या रंगाबद्दल, आणि त्या रंगापायी भीत भीत काढलेल्या दिवसांबद्दल.

शिरगावच्या अलीकडे, टेकडीच्या पायथ्याला आमचं घर आहे. वडील आंबीच्या एका कंपनीत पाळीवर जातात. आई टेकडीवर शेळ्या चारते. आमचा आधीचा कुत्रा पांढरा होता. त्याला बिबट्याने आईच्या समोरून, दिवसाढवळ्या उचलून नेलं. तेव्हापासून आईने एकच धरलं होतं.

"आता काळंच पिल्लू आण. पांढरं लांबनं दिसतं त्येला. कुत्र्यासाठी त्यो येतो, अन् कुत्र्याच्या मागं मीच आस्ते."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

आंबीकडे एक म्हातारे आबा कारवानी कुत्री पाळतात. ही मूळची शिकारी जात, सशामागे सोडायची. शिकारीला आता बंदी आहे. पण ही जात वासापेक्षा नजरेवर चालते, लांबची हालचाल माणसाच्या आधी टिपते, म्हणून लोक तिला शेळ्यांबरोबर ठेवतात. आबांची एक रीत आहे. पिल्लं आठ दिवसांची झाली की घेणाऱ्याने यायचं, पिल्लू निवडायचं आणि आपल्या घरच्या साडीच्या काठाची चिंधी त्याच्या गळ्यात बांधायची. पिल्लू वाढेल तशी आबा ती सैल करतात. दीड महिन्याने चिंधी बघून आपलं पिल्लू घेऊन जायचं.

मी गेलो तेव्हा पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. त्यांत दोन काळपट होती. त्यातलं जे थोराड होतं त्याच्या गळ्यात मी आईच्या साडीची हिरवी चिंधी बांधली.

"नीट बघितलंस न्हवं?" आबांनी विचारलं.

"बघितलं की."

"मंग झालं. कालेजवाल्याला आमी काय शिकवायचं?" ते हसले.

काय बघायचं असतं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मला लाज वाटली.

दीड महिन्याने गेलो तर हिरवी चिंधी एका मातकट पिल्लाच्या गळ्यात. तोंड तेवढं काळं, पाठीवर थोडी काजळी. दुसरं पिल्लू मात्र तसंच काळंभोर होतं, आणि त्याच्या गळ्यात कुणाची तरी लाल चिंधी होती.

"आबा, चिंधी बदलली का हो कुणी?"

आबांनी माझं पिल्लू मांडीवर घेतलं, कान पुढे दुमडला आणि कानामागच्या केसांवर फुंकर घातली. केस दुभंगले.

"हितं बघ. मुळाशी कसला रंग हाय?"

"पिवळसर."

"वरचा काळा केस जन्माचा. त्यो उतरतो. खरा रंग हितं आदी दिसतो. त्ये दुसरं मुळापासनं काळं हाय. त्येच्या मालकानं फुंकून बघितलं व्हतं, तू न्हाई बघितलंस." मग म्हणाले, "तुझ्या आईची चिंधी मी कशाला सोडू, बाबा?"

मला मान वर करता येईना. चिंधी बांधलेलं पिल्लू बदलून मागायचं तोंडही उरलं नव्हतं.

आईने पिल्लू उलटसुलट करून पाहिलं. "ह्ये काळं कुटं हाय?"

"मोठी झाली की गडद होते ही जात," मी म्हणालो.

मी शिकतोय म्हणून तिने विश्वास ठेवला.

दर रविवारी घरामागे नेऊन मी कुत्रीच्या कानामागे फुंकर घालायचो आणि फोनवर फोटो काढायचो. दर रविवारी ती उजळलेली असायची. दिवाळीपर्यंत काळं उरलं ते फक्त तोंडाला आणि शेपटीच्या टोकाला. रोज सकाळी घोरावाडी स्टेशनवर लोकलची वाट बघताना मी टेकडीकडे बघायचो आणि मला वाटायचं, मला नाही दिसली तरी बिबट्याला ती दिसत असेल. जानेवारीत वनखात्याची माणसं सांगून गेली, बिबट्या परत आलाय, वर जाऊ नका.

"मंग शेळ्यांना काय ताटात वाढू?" म्हणत आई गेलीच.

त्यानंतरच्या आठवड्यात लोणावळ्याला कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. बाहेर आलो तर फोनवर आईचे चार मिस्ड कॉल. उलट लावला तर लागेना. वडिलांचा फोन पाळी संपेपर्यंत गेटवर जमा असतो. मग शेजारच्या मावशीचा मेसेज दिसला. टेकडीवर बिबट्या आला होता, आई अजून खाली आलेली नाही.

दुपारी लोणावळ्याहून लोकल नसते. एसटी, रिक्षा करत जाता आलं असतं, पण ते तेव्हा सुचलंच नाही. मी फलाटावरच्या बाकावर बसलो आणि का कोण जाणे, ते फोटो बघत राहिलो. काळी, कमी काळी, मातकट, पिवळी. त्यातला एकही मी आईला दाखवला नव्हता. पुन्हा पुन्हा फोन लावत होतो.

लोकल लागायच्या थोडं आधी फोन वाजला.

"आरं, कवाधरनं लावतीया तुला!" आईचा आवाज पार बसला होता.

"आई, कुटं हायस?"

"घरी. शेळ्या समद्या आल्यात."

ती सांगत राहिली. "वरच्या खडकावर व्हता त्यो. हिनं आदी बघितला. भुकून भुकून मला मागं फिरवलं. मंग गवतात दबून बसली ती दिसंचना. वाळल्या गवतात निस्तं गवतच! त्यो लय येळ हिकडं तिकडं बघत व्हता, मंग गेला निघून. मलाबी गावंना ती. हाका मारून घसा बसला, पर तिला सोडून कशी येऊ?"

"आता कुटं हाय ती?"

"हितंच, पायापाशी. धापा टाकतीया." मग आईने विचारलं, "आरं, तू म्हणालतास ना, मोठी झाली की गडद व्हती?"

"व्हय," मी कसंबसं म्हणालो.

"नगं व्हऊ दे."